मुलींच्या वर्गातला तबला

विद्यापीठात संगीत घेणाऱ्या मुलींना दोनच वाटा होत्या, गायन किंवा सतार. मी तबला मागितला तेव्हा आमच्या पंडितजींना वाटलं, मला हिंदी नीट समजत नाही. त्यांनी तोच प्रश्न सावकाश विचारला, "गाना या सितार?" मीही तितक्याच सावकाश म्हटलं, "तबला." मागे बसलेल्या मुली फिसकन हसल्या. पंडितजी हसले नाहीत. "लड़कियाँ तबला नहीं बजातीं," ते म्हणाले. मी विचारलं, "क्यों?" त्यांनी उत्तर न देता माझ्या नावापुढे गायन लिहिलं आणि पुढच्या मुलीला हाक मारली.

त्या 'क्यों'चं उत्तर मला पुढेही कोणी दिलं नाही. रागावले पुष्कळ जण.

आमचं घर काशीत, ब्रह्मा घाटावर. वडील घनपाठी वैदिक होते. पुढच्या खोलीत त्यांची पाठशाळा भरे आणि पहाटेपासून तिथे मुलं संथा घेत. आई मी लहान असतानाच गेली. घर आत्याच्या हाती होतं. ती बालविधवा, कडक, आणि माझ्यावर जीव टाकणारी. इंटर झाल्यावर मी पुढे शिकावं हे बाबांना पटलं ते संस्कृतमुळे. दुसरा विषय संगीत, असं मी सांगितलं तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे सामगान आलं असावं, कारण ते नुसते "बरं" म्हणाले. आत्याने मात्र बजावलं, "भजन शिक. ठुमरीबिमरीचा आवाज या घरात ऐकू आला तर टांग तोडीन." आमच्या घरातली मराठी अशीच होती, अर्ध्या शब्दांना गंगेचं पाणी लागलेलं.

तबल्याचं वेड मला कुठून लागलं हे सांगते. पाठशाळेतली मुलं घन म्हणत तेव्हा मी आतल्या खोलीत तांदूळ निवडत असे. घनाची रीत अशी, की मंत्रातले शब्द एका ठरलेल्या क्रमाने पुढे-मागे फिरवायचे. पहिला-दुसरा, दुसरा-पहिला, पहिला-दुसरा-तिसरा, तिसरा-दुसरा-पहिला, पुन्हा पहिला-दुसरा-तिसरा. मग एक शब्द पुढे सरकायचं आणि तेच. मुलींना वेद म्हणायची मनाई. पण कानाला कोण कडी घालणार? तो क्रम माझ्या बोटांत उतरला होता. मी सुपावर तो वाजवत बसे आणि आत्या ओरडे, "अगं तांदूळ उडताहेत!"

पुढे एका कार्तिकात पंचगंगा घाटावर एका श्रीमंताची मोठी नाव लागली होती आणि तिच्यावर गाणंबजावणं चाललं होतं. आम्ही बायका पायऱ्यांवर दिवे सोडायला गेलो होतो. तबलजी एकटाच वाजवत होता आणि मला पाण्यावरून स्पष्ट ऐकू आलं, हा बोल उलटे-सुलटे करून फिरवतोय. आमच्या पुढच्या खोलीत रोज चालतं तसंच काहीतरी. मी आत्याचा हात धरून म्हटलं, "आत्या, तो घन वाजवतोय." तिने मला गप्प केलं आणि घरी ओढत नेलं.

तर विद्यापीठात माझ्या नावापुढे गायन लागलं आणि मी गाऊ लागले. माझा गळा बेताचा. सुरात असे, पण ऐकणाऱ्याला काही मिळावं असं त्यात नव्हतं. मुलींचा संगीताचा वर्ग वेगळा भरत असे. तिथे साथीला एक वयस्क तबलावादक येत. आम्ही त्यांना गुरुजी म्हणायचो. तोंडात कायम पान, स्वभाव तिरसट, आणि आपल्या घराण्याचा अभिमान इतका की पंडितजीसुद्धा त्यांच्याशी जपून बोलत. मुलींवर देखरेख करायला एक वॉर्डनबाई होत्या. त्यांनी नियम केला होता, की परपुरुष समोर बसून मुलींकडे पाहणार नाही. म्हणून गुरुजी भिंतीकडे तोंड करून आणि आमच्याकडे पाठ करून वाजवत. गाणारी समेवर कधी येणार हे त्यांना नुसत्या कानांनी ओळखावं लागे. ते ओळखतही, पण रोज एकदा तरी भिंतीला उद्देशून म्हणत, "दीवार की संगत कर रहा हूँ."

भिंतीलगत पुस्तकांचं एक कपाट होतं. त्याला काचेची दारं होती आणि मी एका ठरावीक जागी बसले की त्या काचेत मला गुरुजींचे हात दिसत. ती जागा मी कोणाला घेऊ दिली नाही. त्यासाठी एकदा एका मुलीशी भांडलेही.

सराव करायला साज हवा होता. वर्गातली माझी एकच घट्ट मैत्रीण, बंगाली टोल्यात राहणारी. ती सुरेख गायची. तिच्या भावाचा तबला घरी पडून होता. तो खादी घालू लागला, एकदा तुरुंगात जाऊन आला आणि त्याने वाजवणं सोडलं. परतीच्या वाटेवर मी तिच्याकडे थांबे. ती गाई, मी ठेका धरी. एके दिवशी भावाने दारात उभं राहून ऐकलं आणि हसून म्हणाला, "पहले देश आज़ाद हो जाए, तबला बाद में सीख लेना."

मी म्हटलं, "तब तक हाथ खाली क्यों रखूँ?"

तो जरा ओशाळला. पण त्याने डग्ग्याची सैल वादी ओढून दिली आणि मधल्या काळ्या शाईवर हात कसा ठेवायचा ते दाखवलं. मोठा चांगला मुलगा होता.

घरी आत्याने ते वासावरून ओळखलं की बोटांवरून, देव जाणे. माझ्या बोटांची टोकं चिरली होती. मी खोटं बोलले नाही. "तबला वाजवते," म्हटलं. तिने कपाळावर हात मारला. गाण्याबजावण्यापेक्षा तिला चामड्याची शिसारी जास्त. त्या दिवसापासून मी घरात शिरले की आधी आंघोळ, मगच स्वयंपाकघर. पौषातल्या थंडीत काशीचं पाणी अंगावर घेताना दात वाजत. आत्या दाराबाहेरून विचारी, "सोडतेस का?" मी आतून ओरडे, "नाही!" बाबांना मात्र तिने काही सांगितलं नाही. तिची आशा होती, की थंडीने मी वठणीवर येईन.

एकदा गुरुजी आजारी पडले. पंडितजी वर्ग सोडून द्यायला निघाले, कारण ठेक्याशिवाय गाणार काय? मी उठले आणि भिंतीजवळच्या गादीवर जाऊन बसले. भिंतीकडे नाही, मुलींकडे तोंड करून. माझ्या मैत्रिणीला म्हटलं, "गाओ." तिने यमन धरला आणि मी तीनताल लावला. पंडितजी अर्धवट उभे होते ते तसेच खाली बसले. विलंबित संपून द्रुत सुरू झालं तेव्हा दारात वॉर्डनबाई आल्या.

"यह क्या तमाशा है?"

मी म्हटलं, "आपको मर्द का डर था न? अब कोई मर्द नहीं है."

पंडितजीही पुरुषच होते, हे माझ्या लक्षात आलं तेव्हा मुली तोंडात पदर कोंबून हसत होत्या. बाईंनी मला बाहेर काढलं आणि पुढे काही दिवस माझ्या वर्गात येण्यावर बंदी घातली.

मी परत गेले तेव्हा गुरुजी बरे होऊन आले होते, नेहमीसारखे भिंतीकडे तोंड करून. त्यांना सगळं कळलं होतं. वर्ग सुटल्यावर वळून न बघता ते म्हणाले, "कौन है वह लड़की जिसने मेरी गद्दी छीनी?"

"मैं हूँ."

त्यांनी एका कायद्याचे, तबल्यातल्या एका बांधीव रचनेचे, बोल तोंडाने म्हटले आणि त्याचे पलटे कर म्हणाले. बोल तेच राहतात, जागा बदलत राहायच्या. कोणी शिकवलं नव्हतं, पण रीत माझ्यापाशी होतीच. मी त्यांच्या बोलांचे तीन तुकडे पाडले आणि बाबांच्या क्रमाने म्हणू लागले, "धातिट धागे, धागे धातिट, धातिट धागे तिना, तिना धागे धातिट, धातिट धागे तिना." गुरुजींची मान किंचित हलली. पान गालाआड सरकवून त्यांनी विचारलं, "यह किसने सिखाया?"

"मेरे पिताजी ने. उन्हें मालूम नहीं है."

ते असे हसले की पानाचा तुकडा बाहेर आला. पण लगेच म्हणाले, "इतने से तबला नहीं आता. हाथ कच्चा है. लड़कियों का हाथ कच्चा ही रहता है."

"मग पक्का करा," मी घाईत मराठीतच बोलून गेले. त्यांना ते समजलं.

त्यानंतर ते वर्ग सुटल्यावर मला शिकवू लागले. मैत्रीण सोबतीला बसे. वॉर्डनबाईंचा नियम त्यांनी मोडला नाही. माझ्याकडे पाठ करून बसत आणि नुसतं ऐकत. "बायाँ दबा हुआ है." "अनामिका उठ रही है, बिठाओ." माझं कुठलं बोट चुकलं हे त्यांना पाठमोरं बसून कळे आणि मला त्याचा भयंकर राग येई, कारण काही लपवताच येत नसे. एकदा रडकुंडीला येऊन मी म्हटलं, "एक बार मुड़कर तो देखिए!" ते म्हणाले, "देखूँगा तो तुझे लड़की समझूँगा. सुनूँगा तो तबलची." माझ्या आयुष्यात मला मिळालेली ती सर्वांत मोठी पदवी.

हीच पदवी घाटावर शिवी झाली. कोणाच्या तरी घरच्या हळदीकुंकवात विषय निघाला आणि आठवड्याच्या आत मी सगळ्या मराठी गल्ल्यांत 'तबलजीण' झाले. ग्वाल्हेरचं एक स्थळ जवळपास ठरलं होतं, ते फिरलं. त्याचं मला काही वाटलं नाही. पण राजा घाटाकडच्या एका वृद्ध शास्त्र्यांनी बाबांना स्नानाच्या वेळी चारचौघांत विचारलं, की कन्येची बैठक आता कोठे ऐकायला मिळेल? बाबा ओल्या धोतराने तसेच घरी आले आणि मला हाक मारली. आत्या दाराशी उभी राहिली.

"लोक म्हणतात ते खरं आहे?"

"हो, बाबा."

"कशासाठी?"

मी पाट ओढला आणि त्यावर कायदा वाजवला. मग पलटे. तोंडाने बोलही म्हणत गेले. पहिला पलटा संपेपर्यंत बाबांच्या उजव्या हाताचा अंगठा बोटांच्या पेरांवर फिरू लागला होता, संथा देताना फिरतो तसा. ते त्यांच्या लक्षात आलं तेव्हा त्यांनी मूठ मिटली.

"हा घन आहे," ते म्हणाले.

"हो. मंत्र म्हणायची मला मनाई. म्हणून शब्द घेतले नाहीत, क्रम तेवढा घेतला."

"चोरलास."

"चोरायला मी कुठे गेले होते? मी घरातच होते. तुम्ही दार लावून घेतलं नाहीत."

आत्या म्हणाली, "जीभ बघा हिची!" मला वाटलं, आता शिक्षण बंद. मी मनाशी ठरवूनही टाकलं, की बंद केलं तर जेवणार नाही. शेवटी बाबा म्हणाले, "पाठशाळा आहे तोवर या घरात वाजवायचं नाही." बाहेरचं ते काहीच बोलले नाहीत. जे बोलले नाहीत त्याचा अर्थ मी मला हवा तसा लावला.

दुसऱ्या वर्षाच्या शेवटी बी. ए.ची प्रात्यक्षिक परीक्षा आली. बाहेरगावाहून परीक्षक आले होते, टोपी, उपरणं, हातात घड्याळ. पंडितजींना मी आधी विचारून पाहिलं होतं, की माझी परीक्षा तबल्यात घ्या. त्यांनी हात जोडले, "बेटी, मुझे नौकरी करने दो." म्हणून मी परीक्षकांनाच विचारायचं ठरवलं. माझी पाळी आली तशी मी तानपुऱ्याकडे गेलेच नाही. सरळ गुरुजींपाशी जाऊन उभी राहिले. ते उठले आणि जागा करून दिली. मी परीक्षकांकडे तोंड करून बसले.

"यह गायन की परीक्षा है," परीक्षक म्हणाले.

"जी. पर मैं तबला बजाती हूँ. पहले वह सुन लीजिए."

"नहीं सुनूँगा."

मी वाजवायला सुरुवात केली. त्यांना ऐकायचं नव्हतं तर ते उठून जाऊ शकले असते. ते गेले नाहीत. पेशकार झाला, कायदा झाला, रेला झाला. एका तिहाईत मी घसरले, ती पुन्हा घेतली आणि समेवर आणून सोडली. कोपऱ्यात उभ्या गुरुजींनी "हाँ" म्हटलेलं ऐकू आलं. त्यानंतर तबला पुढ्यात ठेवूनच मी नेमलेली चीज म्हटली, स्वतःचाच ठेका स्वतः धरून. ती काही फार चांगली झाली नाही. परीक्षकांनी घड्याळ खिशात टाकलं. "आवाज़ साधारण, आचरण उद्दंड," ते पंडितजींना म्हणाले, मला ऐकू जाईल असं.

मी नापास झाले. संस्कृतात वरचे गुण होते, पण प्रात्यक्षिकात नापास म्हणजे बी. ए. नापास.

घाटावर आनंद झाला. वेदशास्त्री मंडळींनी बाबांकडे निरोप पाठवला, की मुलीने प्रायश्चित्त घ्यावं आणि हा प्रकार बंद करावा, नाहीतर वसंतपूजेच्या वेदपठणाला बाबांना बोलावणं जाणार नाही. निरोप घेऊन आलेल्या गृहस्थांना बाबांनी बसायला पाट दिला, पाणी दिलं. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मुलगी परीक्षेत नापास झाली आहे. त्याला प्रायश्चित्त अभ्यासाचं. तो ती करील." त्या वर्षी वसंतपूजेची बोलावणी सगळ्या घरांना गेली, आमच्याकडे आलं नाही. ज्यांना बाबांनी घन शिकवला तेच तिथे बसून म्हणत होते आणि ते गल्लीतून आम्हाला ऐकू येत होतं. बाबा पुढच्या खोलीत पाठ ताठ ठेवून बसले होते. मला त्यांच्यासमोर जाववेना. त्यांनीच हाक मारली.

"परत बसणार आहेस?"

"हो."

"गाणार?"

"तबला वाजवणार."

"पुन्हा नापास करतील."

"करू देत. मग पुन्हा बसेन."

त्यांनी मान हलवली. रागाने की कशाने, ते मला आजही सांगता येणार नाही. आत्या त्या रात्री माझ्याशी बोलली नाही, पण माझ्या चिरलेल्या बोटांना लावायला तिने लोण्याची वाटी उशाशी ठेवली होती.

माझ्या मैत्रिणीने त्या वर्षी पास होऊनही विद्यापीठ सोडलं नाही. खालच्या वर्गातल्या मुलींकडून रियाज करून घ्यायला ती येत राहिली. त्या नव्या मुली आमच्यापेक्षा धीट होत्या. परीक्षेआधी त्या सगळ्या मिळून वॉर्डनबाईंकडे गेल्या आणि म्हणाल्या, की साथ करणाऱ्याचं तोंड दिसल्याशिवाय आम्ही गाणार नाही. गुरुजींना तरी आमच्याकडे वळू द्या, नाहीतर साथीला हिला, म्हणजे मला, बसवा. अख्खा वर्ग गायला नाही तर बाहेरून आलेल्या परीक्षकांना काय सांगणार? बाईंनी दोन दिवस विचार केला. त्यांना त्यातल्या त्यात मी बरी वाटले असणार. "ठीक है," त्या मला बोलावून म्हणाल्या, "पर सिर पर पल्ला रहेगा." मी म्हटलं, "पल्ला खिसकेगा तो मैं ताल छोड़कर उठाऊँगी नहीं."

तेव्हा त्या वर्षी गायनाच्या परीक्षेला बसलेल्या प्रत्येक मुलीला साथ मी केली. परीक्षक तेच होते. मला बघून त्यांनी पंडितजींकडे पाहिलं, पंडितजींनी छताकडे. एकीमागून एक मुली येत गेल्या. कोणी घाबरून लय सोडली तर मी तिला धरून आणली. कोणी दौडली तर थोपवलं. दुपारपर्यंत माझा पदर केव्हाच खांद्यावर आला होता. शेवटी माझी पाळी आली, गायची; तबला त्यांना सकाळपासून ऐकवून झालाच होता. मी नेमलेलं म्हटलं, गुरुजी साथीला बसले, आणि त्या दिवशी ते भिंतीकडे वळले नाहीत. मी पास झाले, तिसऱ्या वर्गात. परीक्षकांनी उठताना विचारलं, "यह सब किससे सीखा?" मी गुरुजींकडे हात केला आणि बाबांचंही नाव सांगितलं. त्यांना वाटलं, माझे वडील तबलजी आहेत. मी ती समजूत तशीच राहू दिली.

माझ्या पदवीच्या कागदावर गायन लिहिलेलं आहे. त्यानंतर मी कुठे गायले नाही. मुलींच्या एका शाळेत संगीत शिकवायला गेले तेव्हा मुख्याध्यापिकेने विचारलं, "भजन सिखाएँगी न?" मी म्हटलं, "भजन भी और तबला भी." तिने मला नमस्कार करून वाटेला लावलं. दुसऱ्या शाळेतही तसंच झालं. तिसऱ्या शाळेत मुख्याध्यापिका एक तरुण बाई होती. तिने खुर्चीत मागे रेलून मला नीट पाहून घेतलं आणि म्हणाली, "तबला पहले. भजन तो सब सिखाते हैं."

पहिल्या दिवशी वर्गात आठ-दहा मुली होत्या, दोन वेण्या, शाईने माखलेली बोटं. एकीने तबल्याला बोटाच्या टोकाने हळूच शिवून बघितलं आणि विचारलं, "दीदी, हाथ दुखेगा?"

"दुखेगा," मी म्हटलं. "ज़ोर से मारो."